अननसाला बी का नाही, आणि त्याचा फुटवा कुठून कुठं फिरून आपल्यापर्यंत आला



अननसाचे फुटवे काढायचे दिवस आले की मला हमखास एक प्रश्न येतो – दादा, अननसाचं बी कुठं मिळेल? मिळत नाही. लावायचा तो फुटवा, स्लिप नाहीतर फळावरचा शेंडा. पण हे असं का, याच्यामागं काही हजार वर्षांची शेती आहे आणि ती आपल्या पुस्तकांत फारशी येत नाही. आजची नोंद त्यावर. नेहमीपेक्षा लांब आहे, पण लागवडीचं मापही मधे मधे येणार आहे, तेव्हा घाई नसेल तेव्हा वाचा.

आधी झाडाची ओळख. पानं बघून अननस घायपाताचा भाऊ वाटतो, कुणाला केवड्याचा. नातं दोघांशीही नाही. तो ज्या गणात मोडतो त्या गणात भात, ऊस आणि गवतं येतात. कुळ मात्र वेगळं, ब्रोमेलियासी. या कुळात तीन हजारांवर जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक सोडली तर सगळ्या अमेरिका खंडातल्या. ब्रोमेलियस हा स्वीडनचा एक वैद्य-वनस्पतीतज्ज्ञ, त्याच्या नावावरून कुळाचं नाव पडलं. अननसाशी त्याचा काही संबंध नव्हता. शास्त्रात नावं अशीच पडतात, पिकवणारा राहतो बाजूला.

या कुळातल्या पुष्कळ जाती झाडांच्या फांद्यांवर राहतात, आपल्याकडच्या आमरीसारख्या. मुळांना माती नाही, मग पाणी धरायचं कुठं? पानांच्या बगलेत. अननस जमिनीवर उतरला तरी ही सवय त्यानं सोडली नाही. त्याची पानं पन्हाळीसारखी असतात, दव आणि पाऊस थेट बुडाशी ओततात. पानांच्या बगलेत बारीक मुळ्याही असतात, त्या तिथलं पाणी आणि खत ओढून घेतात. म्हणून युरिया बुडातल्या पानांच्या बगलेत पडला की लागू होतो.

दुसरी सवय त्याहून महत्त्वाची. बहुतेक पिकं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, त्यात पाणीही उडून जातं. अननस छिद्रं रात्री उघडतो, हवेतला कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो आणि दिवसा छिद्रं मिटून त्यावर काम करतो. कातळावर, मुरमाड उतारावर, मार्च-एप्रिलच्या उन्हात तो तग धरतो तो यामुळं. ही रात्रीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं इथ्रेलच्या वेळी लागणार आहे.

आता मूळ गाव. पूर्वी अभ्यासक अननसाचं माहेर पॅराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग मानायचे. नंतर ज्यांनी जंगली आणि लागवडीतले प्रकार गोळा करून ताडून बघितले त्यांचा कल उत्तरेकडे आहे – अमेझॉनच्या वरचा गयाना, व्हेनेझुएला, उत्तर ब्राझील हा पट्टा. जंगली अननस आजही तिकडे आहे. लांब दांडा, त्यावर मुठीएवढं फळ, पानांना करवतीसारखे काटे, गर कमी आणि त्यात बिया. हो, बिया. तिळाएवढ्या, तपकिरी, दाताखाली खडा आल्यासारख्या कडक.

या झाडापासून आपण खातो ते फळ कुणी केलं? तिथल्या शेतकऱ्यांनी. राजाच्या बागेत झालं नाही, प्रयोगशाळेत तर नाहीच. कुणाच्या तरी परसात एखादं फळ मोठं निघालं, एखाद्याला काटे कमी आले, एखाद्यात बिया सापडल्या नाहीत. त्याचा फुटवा काढून वेगळा लावला, शेजारणीला दिला, लेकीबरोबर दुसऱ्या गावाला गेला. हे पिढ्यानपिढ्या चाललं. फक्त फळासाठी नव्हे. एक प्रकार खास धाग्यासाठी राखला गेला, त्याला तिकडे कुराग्वा म्हणतात. ताठ, गुळगुळीत पानं आणि त्यातून निघणारा चिवट धागा. झोळ्या, दोऱ्या, मासे पकडायची जाळी त्यापासून व्हायची. आणखी एक काटेरी प्रकार दक्षिणेकडे कुंपणाला लावतात, आपल्याकडे निवडुंग लावायचे तसा. रसाची दारूही करत.

बी का गेलं, ते इथं समजून घेऊ. अननसाच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या प्रकारच्या झाडाचा पराग मिळाला तरच बी धरतं. शिवाय पराग मिळाला नाही तरी फळ भरतं, ते अडत नाही. आता एका चांगल्या झाडाचे फुटवे काढून सगळा वाफा त्यानंच भरला तर सगळी झाडं म्हणजे एकच झाड झालं. पराग सगळा घरचाच, म्हणून बी नाही. म्हणजे बिनबियांचं फळ हे निम्मं झाडाचं काम आणि निम्मं लावणाऱ्याचं. तुमच्याकडे क्यू आणि क्वीन शेजारी-शेजारी असतील तर एखाद्या फळात त्या बिया आजही दिसतात. तिकडे परागीभवन करतो तो गुंजनपक्षी. हवाई बेटांवर हा पक्षी आणायलाच कायद्यानं बंदी आहे, का तर अननसात बिया धरतील.

नोव्हेंबर १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या फेरीत ग्वादलूप बेटावर उतरला आणि युरोपच्या लोकांनी अननस पहिल्यांदा चाखला. आपल्या पुस्तकांत इतिहास इथून सुरू होतो. पण बेटावर अननस आपोआप उगवलेला नव्हता. मुख्य भूमीवरून होडीतून आणून लावलेला होता. पुढं ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यानं १५३५ च्या आपल्या ग्रंथात अननसाचं वर्णन केलं, चित्रही काढलं. त्यात तो तीन प्रकार देतो आणि तीनही नावं स्थानिक लोकांची – यायामा, बोनियामा, यायाग्वा. तुम्हीच सांगा, ज्या पिकाला वेगवेगळ्या वाणांची नावं आहेत ते रानातलं फळ असेल का? आपल्या आजीला भाताच्या दहा जाती तोंडपाठ असायच्या, तसंच ते.

स्पॅनिश लोकांना फळ पाइनच्या बोंडासारखं दिसलं, त्यांनी ‘पिन्या’ म्हटलं. इंग्रजही त्याच वाटेनं गेले. पोर्तुगीजांनी ब्राझीलच्या तुपी लोकांचा शब्द उचलला – ‘नाना’, ‘अनाना’. तोच त्यांच्या जहाजातून गोव्याला आला आणि आपण अजून अननसच म्हणतो. लिन्सखोटेन हा डच माणूस १५८० च्या दशकात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या १५९६ च्या पुस्तकात अननसावर वेगळं प्रकरण आहे. गोव्याचे स्थानिक लोक याला ‘अननसा’ म्हणतात आणि ब्राझीलचे लोक ‘नाना’, असं त्यानं नोंदवलंय. म्हणजे सोळावं शतक संपायच्या आत फळ आणि शब्द दोन्ही आपल्या किनाऱ्यावर रुळले होते.

त्याच सुमाराची अकबराच्या दरबारातली नोंद मला सगळ्यात आवडते. ‘आईन-ए-अकबरी’त अननसाला ‘कठल-ए-सफरी’ असंही नाव दिलंय, म्हणजे प्रवासी फणस. कारण काय, तर रोप भांड्यात लावून प्रवासात नेता येतं आणि तिथंच फळ धरतं. फळाबद्दल गोड, सुवासिक असं कौतुक सगळेच करतात, पण हे नाव ज्यानं पाडलं त्याला झाड कळलं होतं. अननस जगभर गेला तो फळ म्हणून नव्हे. महिना-दोन महिन्यांच्या समुद्रप्रवासात फळ सडतं. फुटवा मात्र सुकतो, पानं गळपटतात, पण मरत नाही. मातीत टेकवला की मुळ्या धरतो. पुढं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहिलंय की अननस फिरंग्यांच्या बंदरांत होतो आणि आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारोंनी निघतो. आग्र्याच्या थंडीत आणि लूमध्ये हजारोंनी! त्या माळ्यांबद्दल एक ओळ तरी लिहायला हवी होती बादशहानं.

युरोपात याच झाडापायी लोक वेडे झाले होते. तिथल्या थंडीत अननस जगणं शक्य नाही, म्हणून काचघरं बांधली. हॉलंडमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी फळं धरली, इंग्लंडमध्ये अठराव्याच्या सुरुवातीला. तंत्र बघण्यासारखं आहे. चामडं कमावून झाल्यावर उरलेली ओक झाडाची साल खड्ड्यात भरायची, ती सावकाश कुजताना महिनोन्‌महिने उबदार राहते, त्यात अननसाच्या कुंड्या गाडायच्या. शेणखताचा ढीग हातानं तपासणाऱ्याला हे लगेच कळेल. शेणखत भसकन तापतं आणि थंड होतं, साल हळू आणि लांब तापते. एकेका फळाची किंमत इतकी की श्रीमंत लोक ते मेजवानीत मांडून ठेवायचे, खायचे नाहीत. असो, त्या थाटामाटावर पुष्कळ लिहून झालंय.

मला त्यापेक्षा पाच रोपांची गोष्ट सांगायची आहे. १८१९ मध्ये सॅम्युअल पेरोते नावाचा वनस्पतीतज्ज्ञ फ्रेंच गयानाच्या कायेन गावी होता. तिथं त्याला एक अननस दिसला – फळ मोठं आणि पानाला टोकाजवळचे थोडे सोडले तर काटे नाहीत. त्यानं पाच रोपं फ्रान्सला आणली आणि ‘माइपुरी’ असं नाव दिलं. शब्द तिथल्याच लोकांचा. म्हणजे हा बिनकाट्याचा वाण त्यानं तयार केला नव्हता, स्थानिक लोकांनी निवडून ठेवलेला उचलला. पुढं हा वाण ‘स्मूथ कायेन’ म्हणून फ्रान्सच्या काचघरांतून लंडनच्या क्यू बागेत, तिथून श्रीलंका, ऑस्ट्रेलिया आणि असाच फिरत फिरत हवाईला गेला. आपण ‘क्यू’, ‘जायंट क्यू’ म्हणतो तो याच गटातला. क्यू ही फक्त वाटेतली बाग. जुने अभ्यासक लिहितात की जगातला कायेन अननस बहुतांशी त्या पाच रोपांचा वंश आहे. पेरोते स्वतः पुढं आपल्याकडे आला, पाँडिचेरीच्या सरकारी बागेत कितीतरी वर्षं काम केलं आणि १८७० मध्ये तिथंच वारला. त्याचं नाव राहिलं. ज्याच्या परसातून ती पाच रोपं उचलली त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

पाच रोपांवर केवढा डोलारा उभा राहिला ते हवाईत दिसतं. १८८० च्या दशकात तिथं स्मूथ कायेन आला, १९०१ मध्ये जेम्स डोलनं कंपनी काढली, १९११ मध्ये जिनाका नावाच्या तंत्रज्ञानं फळ सोलून मधला दांडा काढणारं यंत्र बनवलं. डबाबंद अननस जगभर जाऊ लागला. १९२२ मध्ये डोलनं लानाई हे जवळजवळ अख्खं बेट अननसासाठी विकत घेतलं. आणि त्या मळ्यांवर सगळीकडे एकच झाड!

मग जे व्हायचं ते झालं. पिठ्या ढेकणामुळं येणारा मर रोग मळेच्या मळे खाऊ लागला. वॉल्टर कार्टर या कीटकतज्ज्ञानं १९३० च्या दशकात त्यावर काम केलं. ढेकूण स्वतः फार हलत नाही, मुंग्या त्याला राखतात. ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याचं रक्षण करतात आणि वाढवतात. मुंगी आवरली की ढेकूण आवरतो. आपल्याकडेही तेच. पानं लालसर पडून टोकं खाली वळायला लागली की बुडाशी बघा, पांढरं पीठ आणि मुंग्यांची रांग दिसेल. असं झाड उपटून बाहेर काढा आणि त्याचा फुटवा लागवडीला अजिबात घेऊ नका, रोग त्याच्याबरोबर येतो.

हवाईची आणखी एक देणगी आपण रोज वापरतो. उसाच्या ओळींवर डांबर लावलेला कागद अंथरून तण दाबायची युक्ती तिथं निघाली, मग अननसवाल्यांनी ती उचलली. आज आपण प्लास्टिक अंथरतो तरी म्हणतो ‘मल्चिंग पेपर’च. तिथल्या काही जमिनींत मँगनीज इतकं होतं की अननस पिवळा पडायचा. मॅक्सवेल जॉन्सन या संशोधकानं १९१६ च्या सुमारास दाखवलं की लोह कमी पडतंय आणि ते जमिनीत टाकून उपयोग नाही, फेरस सल्फेट पानावर फवारा. जांभ्या जमिनीत पिवळेपणा आला की आधी नत्राकडे धावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता इथ्रेल. ही गोष्ट अटलांटिक महासागरातल्या अझोरेस बेटांवरची. तिथं पोर्तुगीज लोक काचघरांत अननस घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात तिथं कळलं की काचघरात धूर कोंडला की सगळी झाडं एकदम फुलावर येतात. का, ते कुणाला माहीत नव्हतं, पण धुरी देणं सुरू झालं. १९३२ मध्ये पोर्टो रिकोत रॉड्रिग्ज नावाच्या संशोधकानं दाखवलं की धुरातला इथिलीन वायू हे काम करतो. पुढं पाण्यात मिसळता येणारं इथेफॉन आलं, तेच आपलं इथ्रेल. आंब्याच्या कलमांखाली धुरी करणाऱ्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

केरळच्या कृषी विद्यापीठाचं मॉरिशस वाणासाठीचं माप असं: ५० लिटर पाण्यात ३९ टक्के इथेफॉन ३.२ मिली, युरिया १ किलो, कॅल्शियम कार्बोनेट २० ग्रॅम. एका झाडाच्या पोंग्यात ५० मिली, म्हणजे एवढं पाणी हजार झाडांना पुरतं. झाडाला ३५ ते ४० पानं झाल्यावरच द्या. कमी पानांवर दिलंत तर फूल येईल पण फळ लिंबाएवढं. कार्बोनेट म्हणजे खडूची पूड, त्यानं द्रावणाचं आम्ल कमी होतं आणि वायू सुटायला मदत होते. कार्बाइड वेगळं, दुकानात नाव नीट सांगा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ओता, कारण छिद्रं रात्री उघडतात. लगेच पाऊस यायचा असेल तर थांबा. साधारण चाळीस दिवसांत फुलं दिसतात आणि ओतल्यापासून साडेचार महिन्यांच्या आसपास फळ काढणीला येतं. औषध जास्त घातलं म्हणून फळ मोठं होत नाही.

लागवडीचं बाकीचं थोडक्यात सांगतो. जमीन निचऱ्याची आणि आम्लधर्मी हवी, पाणी साचणारी चालत नाही. अर्धा ते एक किलोचे फुटवे घ्या आणि वजनाप्रमाणे वेगळे करून वेगवेगळ्या वाफ्यात लावा, नाहीतर इथ्रेलच्या वेळी निम्मी झाडं तयार आणि निम्मी लहान अशी पंचाईत होते. खालची सुकी पानं सोलून आठवडाभर सावलीत सुकू द्या. अकबराच्या काळापासून हे झाड सुकवलं म्हणून मेलेलं नाही, ओलं गाडलं म्हणून मात्र कुजतं. जोडओळ पद्धतीत दोन ओळींत ६० सेंमी, दोन जोड्यांत ९० सेंमी आणि झाडात ३० सेंमी धरलं तर एकरी सतरा-अठरा हजार झाडं बसतात. तीन-चार इंच खोल लावा, पोंग्यात माती जाता कामा नये. ऐन मुसळधार पावसात लावू नका. खत झाडाला वर्षाला नत्र ८, स्फुरद ४, पालाश ८ ग्रॅम, हेही केरळचंच माप. आपल्या मातीची तपासणी करून त्यात बदल करा. फळ भरताना पश्चिमेचं ऊन लागतं, तेव्हा सुकं गवत किंवा झावळ्या टाका. काढणीनंतर एक-दोन फुटवेच खोडव्याला ठेवा. शेंडा लावला तरी येतो, फक्त वेळ जास्त घेतो, दोन वर्षांच्या घरात.

आणि फुटवा निवडताना बाजारात फळ विकणाऱ्याची नजर नको, त्या गयानाच्या शेतकऱ्याची हवी. ज्या झाडाचं फळ चांगलं भरलं त्याला फळ असतानाच खूण करा आणि फुटवा त्याचाच घ्या. काढणी झाल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात. शेंड्यांची झुपकी आलेली, वेडीवाकडी फळं धरणारी झाडं लागवडीतून बाद करा. एकाच झाडाचे फुटवे म्हटले तरी अशी विकृती मधेच उपटते आणि फुटव्यातून पुढं जाते.

आमच्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात केरळहून आलेल्या मंडळींनी मॉरिशस आणला, उतारच्या उतार त्यानं भरलेत. वाण चांगला आहे, पैसे देतो, मीही लावतो. पण जुन्या कुळागरांच्या कडेला, गडग्याला लागून एक काटेरी अननस असायचा. फळ लहान, डोळे खोल, सोलताना वैताग, आणि वास असा की घरात ठेवला तर ओटीवर कळायचा. चारशे वर्षांत कोणत्या जहाजातून कोणता फुटवा आला आणि कुणाच्या परसात टिकला याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. यंदा गडगा साफ करताना तसं झाड दिसलं तर कोयती चालवण्याआधी त्याचे दोन फुटवे काढून विहिरीच्या कडेला लावा. कुणाकडे जास्त असतील तर मला दोन हवेत. बदल्यात मॉरिशसचे दहा देतो, स्वतः येऊन घेऊन जाईन.